एक्सटर्नल डिस्कची क्षमता चुकीची दिसतेय? फॉरमॅट करण्याआधी आकडा वाचा

शून्यएक

मदत विभागात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. डिस्क अमुक टीबीची, कॉम्प्युटरवर दिसतात तमुक जीबी, काय करू? आणि त्यावर पहिला प्रतिसाद हमखास 'फॉरमॅट मारून बघा' हाच असतो. डिस्क कोरी असेल तर ठीक. पण जिच्यावर घरातले सगळे फोटो आहेत अशा डिस्कचा या सल्ल्याने घात झालेला मी बऱ्याचदा पाहिलाय. वाईट याचं वाटतं की अनेकदा फॉरमॅट करेपर्यंत डेटा पूर्ण शाबूत होता.

चुकीचा आकडा उगाच आलेला नसतो. ७४६ जीबी, १६७८ जीबी, ४६५ जीबी, ३.८६ जीबी, ३२ एमबी, शून्य. यातल्या प्रत्येकामागे आपापलं कारण आहे आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. कुठे केसिंग (डिस्क ज्यात बसवलेली असते तो यूएसबीचा डबा) बदललं की काम होतं, कुठे एक कमांड पुरते, आणि कुठे डिस्कला हातही लावायचा नसतो. त्यामुळे इथे प्रश्न टाकताना लेबलवरची क्षमता, पूर्ण डिस्कची दिसणारी क्षमता आणि डिस्क कशातून जोडली आहे, हे जरूर लिहा.

'पूर्ण डिस्क' यावर जोर देतोय, कारण माय कॉम्प्युटरमध्ये दिसतं ते फक्त पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखून दिलेला एक भाग. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये खालच्या अर्ध्या भागात डावीकडे 'डिस्क १', 'डिस्क २' असे करडे चौकोन असतात, तिथला आकडा पूर्ण डिस्कचा. नेमके बाइट हवे असतील तर पॉवरशेलमध्ये गेट-डिस्कचं 'साइझ' हे मूल्य, लिनक्सवर एलएसबीएलके (बी पर्यायासह), मॅकवर डिस्क युटिलिटी. डिस्कचा आकडा बरोबर आणि पार्टिशनचा चूक असेल तर गडबड पार्टिशन टेबलात, म्हणजे कुठला भाग कुठून किती लांब या नोंदीत आहे. डिस्कचाच आकडा चूक असेल तर शोध केसिंग, कंट्रोलर किंवा खुद्द ड्राइव्हकडे वळवायचा.

आणि 'ही डिस्क वापरण्यासाठी फॉरमॅट करावी लागेल' अशी खिडकी आली तर कॅन्सल. तिचा अर्थ एवढाच की विंडोजला फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत) ओळखता आली नाही. डिस्क रिकामी आहे असा तिचा अर्थ होत नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आकडा आधी घेतो. १ टीबी डिस्क ९३१ जीबी दिसते, २ टीबीची १.८१ टीबी, ४ टीबीची ३.६३. यात बिघाड काहीच नाही. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे १ वर १२ शून्यं एवढे बाइट धरतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणजे त्याचा एक जीबी १,०७,३७,४१,८२४ बाइटचा. १ टीबीच्या डिस्कवर प्रत्यक्षात १०,००,२०,४८,८६,०१६ बाइट असतात. भागून बघा, ९३१.५ येतात.

---

मुक्ता_२

चांगला धागा. पण मग ही ग्राहकाची दिशाभूलच झाली ना? ९३१ मिळणार असतील तर ९३१ छापा. माझ्या बहिणीच्या मॅकवर तीच डिस्क बरोबर १ टीबी दिसते, हे तर मला अजिबात कळलेलं नाही.

---

शून्यएक

मुक्ता, बाइट तेवढेच मिळतात. मॅकवर २००९ साली आलेल्या स्नो लेपर्डपासून ॲपलने १००० च्या पटीत मोजायला सुरुवात केली, म्हणून तिथे डिस्कचा आकडा लेबलशी जुळतो. १०२४ च्या पटींसाठी किबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावं १९९८ मध्येच ठरली आहेत, लिनक्सवरची अनेक साधनं ती वापरतात. विंडोज मोजतं गिबीबाइटमध्ये आणि पुढे लिहितं जीबी. गोंधळाचं मूळ तिथे आहे.

तुमच्या तक्रारीतला एक भाग मात्र मला पटतो. जीबीच्या पातळीवर फरक सुमारे ७ टक्के होता, टीबीच्या पातळीवर तो ९ टक्क्यांवर गेला. क्षमता वाढेल तसा तो डोळ्यात खुपणारच, आणि खोक्यावरच्या बारीक अक्षरातल्या तळटीपेने त्याचं समाधान होत नाही.

---

गणिती

एक भर घालतो. हार्ड डिस्कच्या सेक्टरांची (डेटा साठवण्याच्या ठरावीक आकाराच्या कप्प्यांची) संख्या कंपनीगणिक बदलत नाही. उद्योगाने मिळून सूत्र ठरवलंय, त्यानुसार १ टीबीच्या हार्ड डिस्कवर ५१२ बाइटचे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात, मग ती कोणाचीही असो. ५०० जीबीला ९७,६७,७३,१६८. त्यामुळे तुमच्या डिस्कचा आकडा यापेक्षा कमी असेल तर मधे कोणीतरी सेक्टर लपवतंय, एवढं खात्रीने म्हणता येतं.

जुनी विंडोज कमांड 'डब्ल्यूएमआयसी' वापरणाऱ्यांनी मात्र घाबरू नये. ती पूर्ण सिलिंडरांवर (सेक्टरांच्या जुन्या पद्धतीच्या मोठ्या गटांवर) गोळाबेरीज करते, त्यामुळे १ टीबी डिस्क २६,१२,७३६ बाइटने लहान दिसते. ते सेक्टर हरवलेले नाहीत.

---

रानपाखरू

माझी केस या धाग्यातच टाकतो. ४ टीबीची एक्सटर्नल हार्ड डिस्क होती, सगळी मिळून एकच पार्टिशन, ३.६३ टीबी. वापरताना यूएसबीचं पोर्ट ढिलं झालं आणि शेवटी केसिंगमधून निखळलंच. मी केसिंग उघडून आतली डिस्क डेस्कटॉपला थेट साटा केबलने (आतल्या डिस्क मदरबोर्डला जोडतात ती) जोडली. आता डिस्क मॅनेजमेंटमध्ये पूर्ण डिस्क ३७२६ जीबी दिसते, पण त्यात ४६५.७ जीबीचं एक पार्टिशन आहे, फाइल सिस्टिम 'रॉ', आणि बाकी सगळं अनअलोकेटेड. फॉरमॅट करू का विचारतंय. केलेलं नाही. आवाज व्यवस्थित आहे, डिस्क गरमही होत नाही. मुलांचे लहानपणापासूनचे व्हिडिओ आहेत हो त्यावर. रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवू का?

---

शून्यएक

रानपाखरू, थांबा, काहीही चालवू नका आणि निश्चिंत राहा. तुमचा आकडा फार बोलका आहे. ३७२६ ला ८ ने भागा.

---

रानपाखरू

४६५.७५. बरं, मग?

---

शून्यएक

सविस्तर लिहितो, कारण हा प्रकार बऱ्याच जणांच्या बाबतीत घडतो आणि त्यातच विनाकारण डेटा जातो.

जुन्या पद्धतीचं पार्टिशन टेबल म्हणजे एमबीआर. त्यात सेक्टरांची संख्या ३२ बिटांत लिहितात, म्हणजे जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर. सेक्टर ५१२ बाइटचा असेल तर मर्यादा येते विंडोजच्या हिशेबातल्या २ टीबीची. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्क आल्या तेव्हा विंडोज एक्सपीवाले बरेच होते आणि एक्सपीच्या नेहमीच्या ३२ बिट आवृत्तीला जीपीटी हे नवं टेबल वाचता येत नव्हतं. म्हणून अनेक केसिंगमधल्या यूएसबी चिपने वेगळी वाट काढली. ती कॉम्प्युटरला सांगते, माझे सेक्टर ४०९६ बाइटचे आहेत. आठपट मोठे सेक्टर, म्हणजे मर्यादाही आठपट, आणि ४ टीबीची डिस्क एमबीआरमध्ये आरामात बसते.

तुमच्या टेबलात पार्टिशनची लांबी साधारण ९७,६७,५४,००० सेक्टर अशी लिहिलेली असणार. केसिंगमधून वाचली तर ती गुणिले ४०९६, म्हणजे ३.६३ टीबी. थेट साटाला जोडल्यावर तीच संख्या गुणिले ५१२, म्हणजे ४६५ जीबी. पार्टिशनची सुरुवातही आठपट अलीकडे शोधली जाते, तिथे फाइल सिस्टिम सापडत नाही, म्हणून 'रॉ'. डेटा जिथे होता तिथेच आहे, मोजायचं माप फक्त बदललंय.

अजून एक चांगली गोष्ट तुमच्या वर्णनातूनच कळते. काही एक्सटर्नल डिस्कमधली चिप सगळा डेटा एन्क्रिप्ट करून लिहिते, पासवर्ड ठेवलेला नसला तरी. तशी डिस्क थेट जोडली तर पार्टिशन टेबलसुद्धा निरर्थक दिसतं आणि विंडोज 'इनिशियलाइझ करा' म्हणतं. तुमचं टेबल वाचता येतंय, अर्थात एन्क्रिप्शन नाही.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'डिस्क'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग व्हॉल्यूम्स. पार्टिशन स्टाइल काय लिहिलंय ते सांगा.

---

रानपाखरू

मास्टर बूट रेकॉर्ड.

---

शून्यएक

मग शंकाच उरली नाही. ३.६३ टीबीचं अखंड पार्टिशन एमबीआरमध्ये होतं, म्हणजे केसिंग ४०९६ चेच सेक्टर दाखवत होतं. त्याच मॉडेलचं केसिंग मिळालं किंवा मोडलेलं पोर्ट सोल्डर करून घेता आलं तर डिस्क परत आत बसवा, सगळं पूर्ववत दिसेल. नवीन कुठलंही केसिंग चालेल असं नाही, आजची बरीचशी ५१२ चेच सेक्टर दाखवतात.

जीपीटी असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं, तेही नोंदवून ठेवतो. जीपीटीचं शीर्षक दुसऱ्या सेक्टरात असतं. सेक्टरचा आकार बदलला की ते सापडतच नाही आणि डिस्क पार्टिशन नसल्यासारखी दिसते. म्हणजे एकच दुखणं, पण रूप आणखी घाबरवणारं.

---

कमांडलाइन

केसिंग शोधायची गरज नाही. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता थेट लिनक्स चालू होतं असा) करा, डिस्क साटालाच असू दे. टर्मिनलमध्ये 'लॉसेटअप' ही कमांड आहे. तिला सेक्टर-साइझ ४०९६, पार्टस्कॅन आणि रीड-ओन्ली हे तीन पर्याय द्या आणि पुढे तुमच्या डिस्कचं नाव. ती मूळ डिस्कवर एक आभासी डिस्क उभी करते, जिचे सेक्टर ४०९६ चे असतात. पार्टिशन टेबल त्या मापाने पुन्हा वाचलं जातं आणि पार्टिशन दिसायला लागतं. रीड-ओन्ली विसरू नका, म्हणजे चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. मग माउंट करा (म्हणजे पार्टिशन वापरासाठी उघडा), तेही रीड-ओन्ली, आणि दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा.

---

शून्यएक

कमांडलाइन, अगदी योग्य उपाय, आणि मला तो केसिंगपेक्षाही आवडतो, कारण मूळ डिस्कवर एक बाइटही बदलत नाही. रानपाखरू, दुसरी पुरेशी मोठी डिस्क हाताशी आली की हे करा. तोवर ही डिस्क काढून बाजूला ठेवा.

---

सहज_सुचलं

माझं वेगळं आहे. ३ टीबीची डिस्क डॉकमध्ये (उघडी डिस्क खोचून यूएसबीने जोडायचा स्टँड) लावली की ७४६ जीबी दिसते. पूर्ण डिस्कच तेवढी दिसते, पार्टिशन नव्हे. डॉक बराच जुना आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरला थेट जोडली की २७९४ दिसते.

---

शून्यएक

डॉकची चिप ३२ बिटांपलीकडचे सेक्टर मोजू शकत नाही, वरचा आकडा गळून पडतो. ३ टीबीतून ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर वजा केले की राहतात ते ७४६ जीबी. याच कारणाने ४ टीबीची डिस्क १६७८ दाखवते. फर्मवेअर (चिपमध्ये भरलेला प्रोग्राम) अपडेट मिळालं तर बघा, नाहीतर डॉक बदला. तोपर्यंत त्या डॉकमधून या डिस्कवर काहीही लिहू नका. डॉकच्या समजुतीतला शेवट आणि डिस्कचा खरा शेवट वेगळे आहेत, अशा स्थितीत लिहिलेलं कुठे जाईल याची हमी नाही.

जुन्या कॉम्प्युटरांतल्या कालबाह्य स्टोरेज ड्रायव्हरमुळेही हाच आकडा येतो. तिथे ड्रायव्हर अपडेट पुरतं.

---

सावली

मला पेनड्राइव्हपेक्षा थोडी मोठी दिसणारी एक '१६ टीबी एसएसडी' भेट मिळाली. क्षमता बरोबर दिसते, म्हणजे १४.५ टीबीच्या आसपास. अडचण अशी की सुरुवातीला टाकलेले व्हिडिओ चालतात, नंतर टाकलेले फोल्डरमध्ये दिसतात, साइझही बरोबर, पण उघडत नाहीत. तुमच्या हिशेबाने आकडा तर बरोबर आहे!

---

शून्यएक

सावली, हा या धाग्यातला सगळ्यात वाईट प्रकार. इथे आकडा बरोबर दिसतो आणि तोच खोटा असतो. आतल्या कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्ये खोटी क्षमता भरलेली असते. विंडोजला ती पडताळता येत नाही, ड्राइव्ह सांगेल ते मान्य करावं लागतं. खरी जागा संपली की पुढचं लिहिणं एकतर हवेत विरतं, किंवा भरलेल्या पाटीवर पुन्हा पहिल्या ओळीपासून गिरवावं तसं आधीच्या डेटावर चढतं. फायलींची यादी सुरुवातीच्या भागात असते आणि ती बरीचशी टिकते, म्हणून नावं आणि साइझ दिसत राहतात.

तपासण्यासाठी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफथ्री. दोन्ही एकच करतात. ठरावीक नमुन्याचा डेटा भरभरून लिहितात आणि परत वाचून ताडून बघतात. त्याआधी जे चालतंय ते कॉपी करून घ्या.

---

सावली

१६ टीबी भरायचे म्हणजे किती वेळ लागेल? कॉपीचा वेग फार तर ४० एमबी प्रति सेकंद आहे.

---

गणिती

त्या वेगाने सलग साडेचार दिवसांहून जास्त. पण पूर्ण भरायची गरज नाही. एचटूटेस्टडब्ल्यूमध्ये किती डेटा लिहायचा ते ठरवता येतं. २०० जीबी सांगा. अशा वस्तूंमध्ये खरी जागा बहुधा त्याहून कमीच निघते. रिकाम्या ड्राइव्हवर झटपट चाचणी हवी असेल तर एफथ्रीमधलं प्रोब किंवा विंडोजवर व्हॅलिड्राइव्ह आहे. ती दोन्ही पूर्ण पट्ट्यात ठिकठिकाणी नमुने लिहून बघतात, काही मिनिटांत निकाल लागतो. आणि वेगही एक खूण आहेच. खरी एसएसडी यूएसबी ३ वर इतकी सावकाश चालत नाही.

---

सावली

केलं. सुरुवातीचे ५८ जीबी ठीक, बाकी सगळं 'करप्टेड'. मग बाजूची पट्टी नखाने उचकटून पाहिली. आत अंगठ्याएवढा बोर्ड, त्यावर सॉकेटमध्ये एक मायक्रोएसडी कार्ड आणि वजन यावं म्हणून गोंदाने चिकटवलेली लोखंडी पट्टी. बोर्डावर यूएसबीची चिप आणि दोन-चार सुटे भाग, बाकी मोकळं. बघून फार राग आला. यावर कोणी आपल्या लग्नाचे फोटो ठेवले असतील.

---

सहज_सुचलं

एफथ्रीमध्ये खऱ्या क्षमतेएवढंच पार्टिशन करून देणारं साधन आहे. ५८ जीबीचा पेनड्राइव्ह म्हणून वापरता येईल की.

---

शून्यएक

तांत्रिकदृष्ट्या येईल, पण मी सुचवणार नाही. ज्याने क्षमता खोटी भरली त्याने फ्लॅशसुद्धा चाचणीत नापास झालेली वापरलेली असू शकते. शिवाय तो ड्राइव्ह उद्या कोणीतरी पुन्हा पूर्ण फॉरमॅट करेल आणि तोच फसेल. सावली, 'बनावट' असं लिहून बाजूला काढा, आणि तक्रार करायची असेल तर चाचणीच्या निकालाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

---

पहाटवारा

३२ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर लिनक्सची इमेज लिहिली होती. आता विंडोजमध्ये फक्त काही एमबी दिसतोय. हाही बनावट?

---

कमांडलाइन

नाही. इमेज लिहिताना तिच्यासोबत तिचं पार्टिशन टेबलही जातं. विंडोजला त्यातलं छोटं बूट पार्टिशन तेवढं कळतं. विंडोजची डिस्कपार्ट कमांड उघडा, लिस्ट डिस्क, मग आकारावरून पेनड्राइव्ह ओळखून सिलेक्ट डिस्क, मग क्लीन. नंतर नवं पार्टिशन करून फॉरमॅट. ४६५ वाल्यालाही हेच चाललं असतं खरं म्हणजे, क्षमता लगेच पूर्ण दिसली असती.

---

शून्यएक

कमांडलाइन, शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. क्षमता पूर्ण दिसली असती, आणि डेटापर्यंत नेणारा नकाशा पुसला गेला असता. इथे येणारा माणूस घाईत असतो, तो अर्धं वाचून कमांड मारतो. क्लीन ही कमांड फक्त त्या डिस्कसाठी, जिच्यावरचं काहीही नको आहे. ती पुन्हा विचारत नाही, खात्री करत नाही. सिलेक्ट केल्यावर परत एकदा लिस्ट डिस्क करा, निवडलेल्या डिस्कपुढे चांदणीचं चिन्ह दिसतं, तिचा आकार बघा, मगच पुढे. शंका असेल तर बाकीच्या एक्सटर्नल डिस्क आधी काढून ठेवा.

---

कमांडलाइन

मान्य. पेनड्राइव्हपुरतंच धरा.

---

अनाम_वाचक

लिनक्सवर १ टीबीची नवी डिस्क ईएक्सटीफोरमध्ये फॉरमॅट केली, काहीही न टाकता ५० जीबी गायब.

---

कमांडलाइन

ईएक्सटीफोर ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवते. सिस्टिमच्या डिस्कवर ते उपयोगाचं, नुसत्या साठवणीच्या डिस्कवर नाही. ट्यूनटूएफएसने राखीव टक्का शून्य करा. डेटाला धक्का लागत नाही.

---

मुक्ता_२

क्षमता बरोबर आहे पण भरलेली जागा चुकीची दिसते, असा प्रश्न इथे चालेल का? लॅपटॉपवर प्रोजेक्टचं फोल्डर दीड जीबीच्या आत आहे. एक्सटर्नलवर कॉपी केलं तर ३६ जीबी खाल्ले.

---

गणिती

फायली खूप आणि बारीक असतील. एक्सटर्नल एक्सफॅटमध्ये आहे का? ३२ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर विंडोज एक्सफॅटचा क्लस्टर (फाइलला जागा देण्याचं सगळ्यात लहान माप) १२८ केबीचा धरतं. १ केबीची फाइलसुद्धा १२८ केबी अडवते. एनटीएफएसवर तोच क्लस्टर सहसा ४ केबीचा. ४ केबीच्या ३ लाख फायली धरल्या तर एनटीएफएसवर १.१४ जीबी, एक्सफॅटवर ३६.६ जीबी. प्रॉपर्टीजमध्ये 'साइझ' आणि 'साइझ ऑन डिस्क' शेजारी शेजारी दिसतात, ताडून बघा. फोल्डरची एक झिप करून ठेवलीत तर प्रश्नच मिटेल.

---

मुक्ता_२

तीन लाखांहून जास्त फायली आहेत. झिप करते. आभार.

---

जुनाट_मशीन

१ टीबीची डिस्क जुन्या डेस्कटॉपमध्ये काही काळ लावली होती. तिथून काढल्यापासून सगळीकडे ३२ एमबी दिसते. जीबी नाही, एमबी. केसिंग बदललं, केबल बदलली. डिस्कवर काही नव्हतं, त्यामुळे घाई नाही, पण कारण जाणून घ्यायचंय.

---

शून्यएक

हा जुना आणि फार रोचक दोष. हार्ड डिस्कला सांगता येतं की तू तुझे इतकेच सेक्टर जाहीर कर, बाकीचे लपव. त्या लपवलेल्या भागाला एचपीए म्हणतात. काही जुने मदरबोर्ड बायोसची (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) प्रत डिस्कच्या शेवटी अशा भागात ठेवत. त्यातल्या काहींना मोठ्या डिस्कचा हिशेब जमला नाही आणि त्यांनी जवळजवळ अख्खी डिस्कच लपवून टाकली.

यूएसबी केसिंगमधून ही दुरुस्ती बहुधा होत नाही, कारण मधली चिप ती कमांड पुढे जाऊ देत नाही. थेट साटाला जोडा, लिनक्समध्ये एचडीपार्मला कॅपिटल एन हा पर्याय द्या. दोन संख्या दिसतील, सध्या जाहीर केलेले सेक्टर आणि खरे सेक्टर. दुसरी १,९५,३५,२५,१६८ असेल तर निदान पक्कं. तीच संख्या आधी तात्पुरती लावून बघा, सगळं ठीक दिसलं तर संख्येआधी पी लावून कायमची करा, आणि डिस्कचा वीजपुरवठा पूर्ण बंद करून चालू करा. त्या मदरबोर्डला मात्र ती पुन्हा जोडू नका, तो परत तेच करेल.

---

जुनाट_मशीन

दोन संख्यांपैकी दुसरी अगदी तीच निघाली. तात्पुरती लावली, ९३१ दिसले. आता कायमची करतो.

---

पहाटवारा

आणि शून्य किंवा ३.८६ जीबी? शीर्षक लेखात उल्लेख आहे, पुढे कोणी बोललंच नाही. मित्राची डिस्क ३.८६ दाखवते. काहींनी त्याला बोर्ड बदलायला सांगितलंय, एकाने डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला.

---

शून्यएक

मित्राला आत्ताच फोन करून सांगा, दोन्हीही करू नको.

हार्ड डिस्कच्या फर्मवेअरचा मोठा भाग बोर्डावर नसतो, तबकड्यांवरच एका राखीव भागात असतो. वीज मिळाल्यावर बोर्ड तो भाग वाचून स्वतःची खरी ओळख उभी करतो. हेड किंवा तो भागच खराब असेल तर ड्राइव्हला आपली क्षमता माहीतच होत नाही आणि तो शून्य किंवा असा काहीतरी ठोकळ आकडा सांगतो. सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ मालिकेत दोष निव्वळ फर्मवेअरचा होता, चांगल्या डिस्क अचानक शून्य दाखवू लागल्या होत्या. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने सुधारित फर्मवेअर दिलं. म्हणजे शून्य दिसलं तरी डेटा गेलाच असं नाही. पण घरी बसून करण्यासारखं त्यात काही नाही.

बोर्ड बदलण्याबद्दल: प्रत्येक बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडांसाठी कारखान्यात जुळवलेली मूल्यं असतात. दुसऱ्या डिस्कचा बोर्ड दिसायला तंतोतंत सारखा असला तरी ती मूल्यं वेगळी. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या डिस्कच्या तबकड्यांवर बाहेर काढल्यावर दव धरतं, आणि तबकडी व हेड यांच्यातलं अंतर काही नॅनोमीटरचं असतं. पुढे काय होतं ते लिहवत नाही.

टकटक आवाज येत असेल तर वीज बंद. आवाज नसेल तर एकदाच दुसरी चांगली केबल आणि मागच्या बाजूचं थेट पोर्ट वापरून बघा, कारण कमी वीज मिळाली तरी छोट्या डिस्क अर्धवट जाग्या होतात. फरक पडला नाही आणि डेटा महत्त्वाचा असेल तर डेटा रिकव्हरीची प्रयोगशाळा गाठा.

---

पहाटवारा

सांगितलं. बंद करून ठेवलीय त्याने. आवाज होता.

---

रानपाखरू

कमांडलाइन, शून्यएक, पार्टिशन दिसलं! लॉसेटअप केल्यावर ३.६३ टीबी आलं, रीड-ओन्ली माउंट झालं, फोल्डर जसेच्या तसे. पहिला व्हिडिओ उघडून पाहिला, चालला. दोघांचेही मनापासून आभार. कॉपी चालू आहे. ती झाल्यावर जुन्या डिस्कचं काय करू? तिच्याबद्दल काही तक्रार नाही, फक्त नव्या केसिंगमध्ये घालून वापरायची आहे.

---

कमांडलाइन

फार बरं वाटलं वाचून. कॉपी झाल्यावर नुसती फायलींची संख्या बघू नका, आरसिंक (फायली कॉपी करून ताडणारी कमांड) चेकसम पर्यायासह पुन्हा चालवा, म्हणजे प्रत्येक फाइल वाचून ताडली जाईल. वेळ लागेल, लागू दे.

---

शून्यएक

आणि ते झाल्यावर स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५, सी५ आणि सी६ या (खराब सेक्टर मोजणाऱ्या) ओळींची रॉ मूल्यं शून्य असतील तर डिस्क वापरात ठेवायला हरकत नाही. सी५ शून्य नसेल तर तिच्यावर एकमेव प्रत ठेवू नका. मग नव्या केसिंगमध्ये बसवा, गेट-डिस्कमध्ये लॉजिकल सेक्टर साइझ ५१२ आणि क्षमता ३७२६ जीबी येतेय हे आधी बघा, आणि तिथेच जीपीटी म्हणून इनिशियलाइझ करा. ४०९६ आलं तर ते केसिंग परत करा, नाहीतर पुढच्या वेळी पोर्ट मोडलं की याच जागी येऊन थांबाल.